तुम्ही कुठल्या?

मेणवलीच्या घाटावरून वर येत होते, तेवढ्यात कानात माझाच आवाज म्हणाला, "आता उजव्या हाताला बघा, कृष्णेचं पात्र दिसतंय." उजव्या हाताला भिंत होती. काळ्या दगडाची, फटींतून पिंपळाची रोपं उगवलेली. भिंतीवर एक मांजर बसलं होतं. कृष्णा माझ्या पाठीमागे राहिली होती, कारण मी नदीकडून वर चढत होते आणि कानातली बाई, म्हणजे मीच, नाना फडणीसांच्या वाड्यातून खाली उतरत होती. पुण्यात बेडरूमचा पंखा बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून मी हे रेकॉर्ड केलं होतं, तेव्हा कुणी उलट्या बाजूनेही येईल हे डोक्यातच आलं नव्हतं.

मांजराने तोंड फिरवलं. मी इयरफोन काढून पिशवीत टाकले.

हा सगळा उद्योग माझ्या भाच्याचा. तो कॉम्प्युटरमध्ये आहे. नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. दोन मित्रांना हाताशी धरून त्याने ठरवलं, की मोठ्या म्युझियममध्ये असतात तसे ऑडिओ गाइड आपण गावांसाठी करायचे. फोनवर उतरवून घ्या, गावात जा, चाला, ऐका. "आत्या, तीस वर्षं रेडिओवर बोलायचे पैसे घेतलेस, आता जरा फुकट बोल," असं म्हणून त्याने मला त्यात ओढलं. पहिलं गाव मेणवली हे मी सुचवलं. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर, पुण्याहून सकाळी निघालं की संध्याकाळी घरी. दुसरं कारण मावशी. तिच्याकडे येतेच.

यंत्राचा इतिहास मी हौसेने शोधून काढला. पहिला ऑडिओ गाइड १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये निघाला आणि तो चालायचा रेडिओ लहरींवर. मध्ये एक टेप वाजायची, दालनातले सगळे लोक कानाला यंत्र लावून तेच वाक्य त्याच क्षणी ऐकायचे आणि सगळ्यांच्या माना एकदमच एका चित्राकडून दुसऱ्याकडे वळायच्या. म्हणजे हा मुळात आमच्याच भाऊबंदातला. मी स्वतः असं यंत्र पहिल्यांदा कानाला लावलं जोधपूरच्या मेहरानगडावर. लोहापोळ दरवाज्यापाशी सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, तिथे उभी राहिले आणि बटण दाबून आवाज बंद केला. बाकी गड काय ऐकला ते आज सांगता येणार नाही. ते बंद केलेलं बटण लक्षात आहे.

रेडिओवाल्या माणसाला हे पचायला जड जातं. निवेदन करताना चार-पाच सेकंद काही वाजलं नाही तर आमच्या पोटात गोळा यायचा. ड्यूटी रूममधून कुणीतरी धावत यायचं. शांतता म्हणजे चूक, तिची नोंद व्हायची. त्या शिस्तीत वाढलेल्या बाईला भाचा सांगत होता, की दोन जागांच्या मधे माणूस चालत असेल, तिथे तुला काहीच बोलायचं नाही.

भाच्याने माझ्याआधी एक मसुदा करून पाहिला होता. माहिती इंटरनेटवरून, आवाज कॉम्प्युटरचा. बाई गोड बोलत होती, पण हिंदी शाळेतून मराठीत आलेली असावी. वाड्याला सहा चौक आहेत हे सांगताना ती दिल्लीच्या चांदनी चौकातला 'चौक' म्हणत होती. मराठीत च दोन, ज दोन. लिहायला एकच, बोलायला वेगळे. चंद्रातला च आणि चुलीतला च. जीवातला ज आणि जात्यातला ज. जुन्या वाड्याचं वर्णन करायला घ्या, निम्मे शब्द या दुसऱ्या जातीचे निघतात: चौक, चुना, जोतं, चूल, जातं. एकेक शब्द तिने असा काही उच्चारला, की तो वाडा मेणवलीतून उठून भोपाळला जाऊन बसला. मेणवलीतला 'ण' तर तिने सरळ 'न' करून टाकला. मावशी असती तर म्हणाली असती, हिला आधी आठवडाभर आपल्याकडे राहायला बोलव.

भाषा त्याहून वाईट. "सदर वास्तूचे बांधकाम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात करण्यात आले." सरकारी पाटीवर हे वाक्य शोभतं. कानात कुणी असं बोललं तर माणूस बावरून सरळ उभा राहतो, नोटीस आल्यासारखा. मी सगळं काढून टाकलं आणि लिहायला बसले. 'पाहा' की 'बघा' यावर एक दुपार गेली. 'बघा' ठेवलं. 'आपण आता वाड्यात प्रवेश करत आहोत' मधला 'आपण' खोडला, कारण मी काही त्याच्याबरोबर जात नव्हते. मी गोधड्या लावलेल्या खोलीत होते.

नव्वद सेकंदांत माझ्या गतीने पावणेदोनशे शब्द बसतात. त्यात नाना फडणीस बसवून दाखवा. बाळाजी जनार्दन भानू, जन्म साताऱ्याचा, १७४२ मधला. पानिपतावरून जीव वाचवून परतलेला पोरगा, पुढे बारभाईंचा सूत्रधार, आणि लोकांनी साडेतीन शहाण्यांत ज्याला अर्धा धरला तो. अर्धा का, तर अक्कल पुरेपूर पण तलवार नाही. १७६८ च्या सुमाराला औंधच्या प्रतिनिधींकडून त्यांना मेणवलीत जमीन मिळाली. मग वाडा, घाट, देवळं. वाड्यातल्या भिंतींवर चित्रं आहेत. इथल्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, तर इतके, की इतिहासाच्या अभ्यासकांत 'मेणवली दप्तर' हे नावच पडलं. वाडा आजही खाजगी मालकीचा आहे. हे सगळं मी पावणेदोनशे शब्दांत कोंबलं आणि वाचून पाहिलं, तर पुन्हा पाटीच झाली होती. गोड आवाजातली पाटी.

म्हणून मावशी आठवली.

मावशी वाईला गणपती आळीत राहायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे. त्यातला एक दिवस मेणवलीचा ठरलेला. उन्हं चढायच्या आत निघायचं, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, चालत. ढोल्या गणपतीपासून तिचं सांगणं सुरू व्हायचं. देवळाची मागची भिंत माशाच्या शेपटीसारखी का, तर पुराचं पाणी त्यावर दुभंगून दोन बाजूंनी निघून जावं म्हणून. हे तिचं बरोबर होतं. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेल्या त्या देवळाबद्दल पुस्तकंही तेच सांगतात. मेणवलीला पोचेपर्यंत मात्र तिचा इतिहास सैल सुटायचा. घाटावरची ती मोठी घंटा नानांनी स्वतः वसईला जाऊन, तलवार गाजवून आणली, असं तिने सांगितलं आणि मी ते शाळेत निबंधात लिहिलं. वसई पोर्तुगिजांकडून घेतली चिमाजी अप्पांनी, १७३९ च्या मे महिन्यात. नाना जन्मले त्यानंतर तीन वर्षांनी. आमच्या बाईंनी समासात लाल शाईने लिहिलं होतं, "जन्मायच्या आधीच?"

परवा भावाशी बोलताना एक गोष्ट कळली. तलवार, घोडे, किल्ला ही घंटेची गोष्ट मावशी त्याला सांगायची. मी शेजारी असायचे म्हणून माझ्याही कानावर पडली आणि मी निबंधात घातली. मला एकटीला धरून ती दुसरंच दाखवायची. घंटेच्या अंगावर एक बाई कोरलेली आहे, कडेवर बाळ. मावशी माझं बोट धरून त्या बाईच्या पदरावरून फिरवायची आणि म्हणायची, "बघ, हिच्या बाळाला अजून कुणी खाली ठेवलेलं नाही." तीच घंटा, भावाला तलवार आणि मला बाळ. पोर कोणतं आहे ते बघून ती इतिहास वाढायची, जेवायला वाढताना एकाला साय आणि एकाला नुसतं दूध वाढायची तसं.

माझा पहिला फेरा हा असा मांजरापाशी संपला. दुसऱ्या फेऱ्याला भाचाही आला. त्याचं गणित असं: नकाशावर प्रत्येक जागेभोवती एक गोल आखायचा, फोन त्या गोलात शिरला की आवाज आपोआप सुरू. कागदावर उत्तम. आता उघड्या आकाशाखाली फोन आपली जागा साधारण पाच मीटरच्या आतबाहेर सांगतो. पण उंच भिंतीजवळ किंवा दाट झाडाखाली त्याचा अंदाज आणखी घसरतो, कारण उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून, वळसा घेऊन येतो. मेणवलीच्या घाटावर मेणेश्वर, विष्णू आणि घंटा हे तिघे एकमेकांच्या ओसरीवर बसल्यासारखे शेजारी शेजारी. गोलात गोल अडकले. मी महादेवासमोर हात जोडले आणि कानात पोर्तुगीज सुरू झाले. चपला काढेपर्यंत विष्णू येऊन गेला. भाचा कपाळाला हात लावून पायरीवर बसला.

मग दुसरा उपाय निघाला, नंबरांचा. प्रत्येक जागी एक छोटी पाटी, त्यावर आकडा, माणसाने तो आकडा फोनवर दाबायचा. कुठे चिकटवाव्यात म्हणून आम्ही गावात विचारत फिरलो. चहाच्या टपरीवर एक काका सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "घराला नंबर, मीटरला नंबर, आता देवाला बी नंबर? आणि महादेवाला चार नंबर देनार म्हंता, पयला कोन?" भाच्याकडे उत्तर नव्हतं. पहिला नंबर गाडी लावायच्या जागेला दिला होता.

पाट्यांचा बेत तिथेच राहिला. शेवटी नकाशाचं चित्र फोनवरच दाखवायचं आणि ऐकणाऱ्याने बोटाने जागा निवडायची असं ठरलं. माझी उजवी-डावीही तेव्हाच गेली. त्याच काकांना मी विचारलं होतं, घंटेकडे कसं जायचं, तर म्हणाले, "वाड्याच्या मागनं नदीच्या अंगाला उतरा." गावात कुणी उजवं-डावं म्हणत नाही. नदीच्या अंगाला, गावाच्या अंगाला, पांडवगडाकडं, वरल्या आळीला. तुम्ही कुठूनही या, नदी आपल्या जागीच असते. सगळ्या तुकड्यांतले उजवे-डावे हात काढून मी नदी आणि गड घातले. रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागलं, आणि पुन्हा त्या गोधड्या.

घंटेचा तुकडा मात्र चार वेळा बदलला. तो नीट सांगायला हवा.

ही घंटा साधारण साडेसहाशे किलोची, पंचधातूची म्हणतात. तिच्यावर १७०७ साल आहे. म्हणजे इकडे औरंगजेब दख्खनच्या मातीत मेला त्याच वर्षीची ही. बत्तीस वर्षांनी वसई पडली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे. मेणवलीची घाटावर, महादेवाच्या शेजारी, छोट्याशा दगडी मंडपात टांगलेली. जवळ गेलं की आधी रंग दिसतो: हिरवट काळा, कडेला मात्र हात लागून लागून उजळलेला. मग ती बाई. चेहरा झिजलाय. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते बोटांनाच कळतं. बाळ अजून आहे.

मला तिचा आवाज हवा होता. रेकॉर्डर मांडला आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोकलं. ऐकू आला तो टण्णकार नव्हता. तळातून आल्यासारखा एक हुंकार, डबक्यावर तरंग जावा तसा बराच वेळ विरत जाणारा. मी डोळे मिटून उभी. घरी येऊन ऐकलं तर हुंकार होता, त्यावर पलीकडच्या वावरातला ट्रॅक्टर होता, आणि बरोबर शेवटाला एका पोराची हाक होती: "आये, चार्जर कुटाय?" भाचा म्हणाला, सॉफ्टवेअरने साफ करतो. मी म्हटलं, ट्रॅक्टर काढ, पोरगं राहू दे. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

आता शब्दांचं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, "पोर्तुगिजांचा गर्व उतरवून आपल्या फौजांनी आणलेली ही घंटा, आपल्या विजयाची साक्ष." वाचायला खणखणीत. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला शोभेल असं. रेडिओतली माझी एक जुनी मैत्रीण वसईची आहे, ख्रिस्ती, घरात सामवेदी बोली बोलणारी. आमच्यात सगळ्यात कडक कान तिचा, म्हणून तुकडा तिला पाठवला. तासाभराने एका ओळीचं उत्तर आलं. "आपल्या म्हणजे कुणाच्या गं?"

मी लगेच फोन केला. ती रागावलेली नव्हती, उलट हसत होती. म्हणाली, "पोर्तुगीज गेले याचं मला कशाला वाईट वाटेल? मी काय लिस्बनची आहे? पण आमची आजी चर्चला देऊळच म्हणायची. त्या देवळात ती घंटा बत्तीस वर्षं वाजली. आमच्याच कुणाच्यातरी लग्नाला, मयताला वाजली असेल. ते तुझ्या साक्षीत कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. 'आपल्या' हा एवढासा शब्द लिहिताना माझ्यासमोर कोण बसलं होतं, याचा मी विचारच केला नव्हता. रेडिओवर तीस वर्षं "श्रोतेहो" म्हणत होते तेव्हाही केला नव्हता. पण तिथे निदान पत्रं यायची, शिव्या यायच्या, कोणत्या गावात कोण ऐकतंय ते पोस्टाच्या शिक्क्यावरून कळायचं. इथे कानात थेट बोलायचं आणि कान कुणाचा ते ठाऊक नाही. वसईच्या मैत्रिणीलाही तेच वाक्य, सातवीच्या सहलीलाही तेच. ॲमस्टरडॅमच्या दालनात एकदम वळणाऱ्या माना आठवल्या.

दुसऱ्या खर्ड्यात 'आपल्या' काढला. तिसऱ्यात मोह झाला. नाना पानिपतावर गेले तेव्हा वयाची एकोणीसही पुरी नव्हती. आई आणि बायको बरोबर होत्या. बायको परत मिळाली, आई त्या धुमश्चक्रीत गेली ती गेलीच. त्या मुलाने पुढे मोठं झाल्यावर आपल्या गावच्या घाटावर लावलेल्या घंटेवर कडेवर बाळ घेतलेली आई आहे. कसला पल्लेदार शेवट! लिहिला, वाचला, माझाच गळा दाटून आला. मग खोडला. नानांनी त्या बाईकडे एकदा तरी नीट बघितलं होतं याचा पुरावा काय? मावशीने असलं काही सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. पण मावशी माझ्याशी बोलत होती आणि मला ठाऊक होतं की ती मावशी आहे. यंत्रातून आलं की लोक ते इतिहास म्हणून धरतात.

चौथा खर्डा घाटावरच्या बायकांमुळे झाला.

फेब्रुवारीची सकाळ. तीन बायका धुणं धूत होत्या. मी खालच्या पायरीवर बसून कागदावर खुणा करत होते. दहा मिनिटं त्यांनी मला नुसतं पाहून घेतलं. मग त्यातल्या थोरल्या आजींनी, पिळा झटकता झटकता, विचारलं, "तुम्ही कुठल्या म्हणायच्या?"

"पुण्याच्या."

"मूळच्या?"

"माहेर सांगलीकडचं. मावशी वाईला असायची. गणपती आळीत."

"मग आमच्याच की वो," आजी म्हणाल्या आणि पिळा बाजूला ठेवून पुढे सरकल्या.

त्यानंतर जे मिळालं ते पावणेदोनशे शब्दांत कसं मावणार. पावसाळ्यात पाणी कोणत्या पायरीला लागलं की धुणं घेऊन घरी फिरायचं. ती पायरी त्यांनी पायाच्या अंगठ्याने दाखवली. शूटिंगवाले आले की घाट कसा झाडून पुसून घेतात आणि बायकांना म्हणतात, जरा पलीकडं व्हा. मग चित्रात घाटावर धुणं धुणाऱ्या बायका लागतात म्हणून यांनाच परत बोलावतात. "आमचंच धुणं, आन् पैसं बी आमालाच," मधली म्हणाली आणि तिघी खूप हसल्या. धोम धरणाचं पाणी सोडलं की नदीचा वास कसा बदलतो. कोणत्या घरची सून घाटावरून पाय घसरून पडली आणि पुढे सासूने तिला पाण्याला पाठवणंच बंद केलं, आणि ती कशी मुद्दाम घसरली होती.

मी घंटेचं विचारलं. वसईची आहे हे तिघींना ठाऊक होतं. साल नव्हतं ठाऊक, ते मी सांगितलं. चिमाजी अप्पा सांगितले. मैत्रिणीचं सांगितलं, की तिच्या गावच्या देवळातली ही. थोरल्या आजींनी घंटेकडे पाहिलं, बऱ्याच वर्षांनी पाहत असाव्यात तसं, आणि म्हणाल्या, "हां. ती बी लेकुरवाळीच की." आणि लगेच, "तुमच्या मैतरणीला आना की एकदा. बघून जाऊ दे."

घरी येताना एसटीत मी सगळं पुन्हा मनात लावून पाहिलं. गावात कुणी तुम्हाला उठून माहिती देत नाही. आधी तुम्हाला आपली द्यावी लागते. कुठल्या, कुणाच्या, मूळच्या, मुलंबाळं काय. शहरात आपण याला चौकशा म्हणतो आणि नाक मुरडतो. मीही मुरडते, आमच्या सोसायटीतल्या एका बाईंना टाळण्यासाठी मी जिन्याने उतरते. पण त्या आजींना मी कोण ते कळल्याशिवाय मला काय सांगायचं ते कसं कळणार होतं? पुरातत्त्वाचे विद्यार्थी असते तर त्यांनी वाड्याच्या चाव्या कुणाकडे ते सांगितलं असतं. शूटिंगवाली असते तर दर सांगितला असता. गणपती आळीतल्या मावशीची भाची म्हटल्यावर मला ती घसरलेली सून मिळाली. भाच्याचा ऑडिओ गाइड भिडस्त पाहुण्यांसाठी सोयीचा आहे यात शंका नाही. कुणाशी न बोलता सगळं गाव बघून होतं. तेच मला खुपायला लागलं होतं, आणि आवाज माझाच होता.

घाटाच्या शेवटच्या तुकड्यात आता वसई आहे, १७३९ आहे, १७०७ आहे, मैत्रिणीच्या आजीचं देऊळ आहे, आणि चार्जर मागणारं पोरगं आहे. त्यानंतर मी म्हणते: "आता इयरफोन काढा. पायरीवर बसा. कुणी विचारलं, कुठले, तर सांगा. नुसतं शहराचं नाव सांगून थांबू नका." बस. पुढे काही नाही.

भाच्याला हे पटेना. "कुणी नसलंच घाटावर तर?"

"मग नदी आहे."

"आणि किती सेकंद गॅप टाकू?"

"टाकू नकोस. फाइल संपव."

"ॲप बंद पडलं असं वाटेल लोकांना, आत्या."

"वाटू दे."

गेल्या रविवारी तो एकटाच शेवटची तपासणी करायला गेला. अकराच्या सुमाराला फोन आला. मागे धुण्याचा धप् धप् आवाज येत होता.

"आत्या, काढले इयरफोन. बसलोय पायरीवर."

"मग?"

"एक आजी विचारतायत, कुठला रे तू म्हणून." त्याचा आवाज दबका झाला. "पुणे म्हटलं, तर म्हणतात, ते झालं, मूळचा कुठला? मी काय सांगू?"

"मला काय विचारतोस, त्यांना सांग."

फोन चालूच राहिला. बहुधा त्याने तो मांडीवर ठेवला असावा. धुणं थांबलं. मी सवयीने सेकंद मोजायला लागले. चार, पाच, सहा. आमच्या वेळी एव्हाना कुणीतरी धावत आलं असतं. आठव्या सेकंदाला लांबून, घसा खाकरून, तो म्हणाला, "माझ्या बाबांची एक मावशी होती. वाईला."